वाट पाहण्याचे दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही काही बोलावे असा कार्यकारिणीने आग्रह केला आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्राचा इतिहास असे भारदस्त विषय समोर होते. ते बाजूस ठेवून आम्ही एक घरगुती विषय घेतला आहे. जून-जुलैच्या दिवसांत आपल्यापैकी ज्यांच्या घरी बारावी झालेले मूल असते, त्यांच्याकडे चहाला जावे तरी दुसरे बोलणे निघत नाही. परीक्षा होऊन गेलेली असते, गुणानुक्रम हाती आलेला असतो, आणि तरीही मूल कोठे जाणार हे ठाऊक नसते. फेरीमागून फेरी जाहीर होते आणि घरातील माणसे संगणकाच्या पडद्यासमोर श्वास रोखून बसतात. या दिवसांत घराने काय करावे, हाच आजचा विषय.

आमची पात्रता काय, हे आधी सांगितलेले बरे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. अभियांत्रिकीतले आम्हांस काहीही कळत नाही. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत नियम वाचणे, मुदती सांभाळणे आणि कागद जागच्या जागी ठेवणे हीच आमची रोजीरोटी आहे. आजच्या प्रवेशप्रक्रियेत या गुणांना विज्ञानाच्या ज्ञानाइतकेच मोल आले आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

प्रथम थोडे आकडे पाहू. २०२५ साली जेईई मेन या परीक्षेस चौदा लाखांहून अधिक मुले बसली. त्यांतील पहिल्या अडीच लाखांना जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देण्याची मुभा असते. त्या वर्षी १,८०,४२२ मुलांनी ती दिली, ५४,३७८ उत्तीर्ण झाली, आणि देशातील तेवीस आयआयटी मिळून जागा होत्या १८,१६०. म्हणजे मेनला बसलेल्या ऐंशी-एक मुलांमागे आयआयटीची एक जागा. शिवाय अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्या दर तीन मुलांपैकी दोघांना तेथे जागाच नव्हती. ही मुले नापास झालेली नाहीत. देशातील अत्यंत अवघड परीक्षांपैकी एक ती उत्तीर्ण झाली आहेत. जागा थोड्या म्हणून ती बाहेर राहिली. हा साधा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांनी मनाशी पक्का केला, तर निम्मा ताप तेथेच उतरेल.

तो उतरत नाही, यालाही कारण आहे. आपण बहुतेक सारे नोकरदार. गावी असलीच तर भावाभावांत वाटली गेलेली थोडीशी जमीन. पेढी नाही, दुकान नाही. ज्या शहरी आपण राहतो तेथे बिऱ्हाड आहे, पण मुळे नाहीत. मुलांना मागे ठेवून जावे असे आपल्यापाशी शिक्षणाखेरीज काही नसते. म्हणून प्रवेशाच्या निर्णयाला आपल्या घरात वतनाच्या निवाड्याचे स्वरूप येते. मूलही हे ओळखते. आईबापांनी एक अक्षर न बोलता त्याच्या डोक्यावर हे ओझे ठेवलेले असते.

आता आपल्यासारख्यांना विशेष जाचणारा प्रश्न घेतो. तो म्हणजे 'आपले राज्य कोणते?' आपल्याला विचाराल तर उत्तर सोपे आहे: कुलदैवत जेथे, ते आपले राज्य. प्रवेशाच्या नियमांत मात्र कुलदैवताला स्थान नाही. एनआयटी म्हणून ज्या एकतीस संस्था आज आहेत, त्यांतील जुन्या संस्थांची सुरुवात १९५९ पासून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये म्हणून झाली. निम्मी मुले त्या राज्यातील आणि निम्मी बाहेरच्या राज्यांतील असावीत, निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र शिकावे, असा त्यामागे हेतू होता. २००२ पासून त्यांचे एनआयटीत रूपांतर झाले. निम्म्या-निम्म्या जागांची रीत कायम राहिली. येथे 'गृहराज्य' ठरते ते मुलाने बारावी ज्या राज्यातून प्रथम उत्तीर्ण केली त्यावरून. जन्म कोठला, मातृभाषा कोणती, वडिलांचा मूळ पत्ता कोठला, हे तेथे पाहिले जात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, सातारकडचे एक कुटुंब नोकरीनिमित्त राउरकेल्यास आहे आणि मुलीची बारावी तेथेच झाली आहे. राउरकेल्याच्या एनआयटीत ती गृहराज्याची उमेदवार ठरेल आणि नागपूरच्या एनआयटीत परराज्याची. पुष्कळ घरांत हे प्रवेशाच्या वेळी प्रथम कळते आणि मनाला लागते. परंतु नीट पाहिले तर त्यात अन्याय नाही. ज्या भूमीने आपल्याला पोसले, तिने आपल्या लेकराला घरचे म्हटले, एवढाच त्याचा अर्थ. दहावीनंतर केवळ नागपूरच्या आशेने मूल महाराष्ट्रात धाडावे, की आहे तेथेच शिकू द्यावे, याचा विचार मात्र अकरावीच्या आधी व्हावयास हवा. बदलीची नोकरी असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आयआयटीत अशी गृहराज्याची वाटणी नाही. तेथे साऱ्या देशाची एकच यादी चालते.

राज्यांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षांचे नियम याहून वेगळे आहेत आणि प्रत्येक राज्याचे निराळे आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर राज्याच्या सामायिक परीक्षेच्या नियमांत उमेदवारांचे प्रकार केलेले आहेत. ज्याचे शिक्षण बाहेर झाले, परंतु आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असून तसे प्रमाणपत्र आहे, त्याच्यासाठी एक प्रकार आहे. केंद्र सरकारच्या ज्या कर्मचाऱ्याची नेमणूक महाराष्ट्रात झाली आहे, त्याच्या मुलांसाठी दुसरा आहे. सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठीही तरतूद आहे. आपल्यापैकी कित्येकांना याची वार्ता नसते आणि 'आता आपण तिकडचे राहिलो नाही' असे म्हणून ते अर्जच करीत नाहीत. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मिळवून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी जे लागू होते, ते यंदा असेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष वाट पाहण्याच्या दिवसांकडे येऊ. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी, आयआयआयटी आणि केंद्राच्या साहाय्यावर चालणाऱ्या इतर काही संस्थांचे प्रवेश 'जोसा' या एकाच व्यवस्थेतून होतात. मुलाने पसंतीक्रम भरावयाचा, आणि गुणानुक्रमाप्रमाणे जागा दिली जावयाची. येथे पालकांची एक समजूत घात करते. 'वरची संस्था मिळणार नाहीच, मग ती लिहून क्रमांक कशाला वाया घालवायचा?' असे म्हणून ते आवडीच्या जागा यादीतून गाळतात. वस्तुतः या पद्धतीत वर लिहिलेली जागा न मिळाल्याने खालच्या जागेवरील हक्क कमी होत नाही. यादी वरून खाली पाहिली जाते आणि गुणानुक्रमात बसणारी पहिली जागा दिली जाते. तेव्हा क्रम मनाच्या ओढीप्रमाणे लावावा, अंदाजाप्रमाणे नव्हे. जी जागा मिळाली तरी मूल जाणार नाही, ती मात्र लिहू नये.

जागा मिळाल्यावर तीन शब्द समोर येतात: फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळाले ते मान्य, पुढे काही नको. फ्लोट म्हणजे मिळाले ते हाती ठेवतो, पण यादीतील याहून वरचे कोणत्याही संस्थेत मिळाल्यास तेथे जाईन. स्लाइड म्हणजे संस्था हीच, शाखा मात्र वरच्या पसंतीची मिळाल्यास हवी. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते. मग मागे फिरता येत नाही. हे तीन शब्द मुलाला तर कळावेतच, पण आईलाही कळावेत असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण फेरीचा निकाल लागतो तेव्हा वडील बहुधा कचेरीत असतात. जोसाच्या फेऱ्या संपल्यावर एनआयटी आणि तत्सम संस्थांतील उरलेल्या जागांसाठी 'सीसॅब'च्या विशेष फेऱ्या होतात, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

जागा मिळणे आणि प्रवेश मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मध्ये शुल्क आहे, कागद आहेत आणि मुदत आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलास धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपयांचे शुल्क जमवता जमवता मुदतीची वेळ निघून गेली आणि जागा गेली. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्यास प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्या मुलाला न्याय मिळाला याचा आनंद आहे. परंतु दर मुलाला दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोहोचता येत नाही. शुल्काची रक्कम आधीच खात्यात असावी. इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. ते आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्याच वर्षाच्या १ एप्रिलनंतरचे लागते. आपण गावापासून हजार-पंधराशे किलोमीटरवर राहतो. तहसील कचेरीतील कागद आपल्याला दोन दिवसांत मिळत नाही. दिवाळीत गावी जाल तेव्हाच त्याची चौकशी करून ठेवावी.

येथवर झाल्या वाट पाहण्याच्या गोष्टी. आपल्या भाषेत 'वाट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. आपण वाट पाहतो, आणि वाट चालतोही. प्रतीक्षेच्या दिवसांत दुसरी वाट शोधून ठेवणे यात अपशकुन नाही. पुष्कळ घरांत दुसऱ्या मार्गाचा उच्चार केला की 'आतापासूनच असे बोलू नका' म्हणून गप्प केले जाते. मग निर्णय मनाविरुद्ध लागला की आठ दिवसांत, रागाच्या आणि लाजेच्या भरात, मिळेल त्या महाविद्यालयात भरमसाट शुल्क भरून नाव घातले जाते. दुसरी वाट शांत चित्ताने, निर्णयापूर्वी पाहिलेली असावी.

या वाटा आहेत तरी कोणत्या? ज्या मुलाला गणित-भौतिकीची मुळातच गोडी आहे, त्याच्यासाठी आयसर आहेत. पुणे आणि कोलकाता येथे २००६ मध्ये आरंभ होऊन आज देशात अशा सात संस्था आहेत आणि त्यांची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०११ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. सांख्यिकीसाठी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. अवकाशविज्ञानाची ओढ असणाऱ्यांसाठी तिरुवनंतपुरम येथे २००७ पासून अवकाश विभागाची संस्था आहे. खडकवासल्याची प्रबोधिनी तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. नौदलातही बारावीनंतर अभियांत्रिकी पदवीसह प्रवेशाची योजना असून तिच्यासाठी जेईई मेनचा गुणानुक्रम पाहतात.

हाताने काम करण्यात ज्यांचे मन रमते, त्यांनी तंत्रनिकेतनाची पदविका कमी लेखू नये. पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो, आणि यंत्राशी त्याची ओळख पुस्तकी राहिलेली नसते. शिवाय आयआयटीचे दार अठराव्या वर्षी कायमचे बंद होत नाही. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पदवी घेऊन 'गेट' परीक्षेद्वारे पदव्युत्तर शिक्षणासाठी तेथे जाता येते, आणि दरवर्षी कितीतरी मुले तशी जातात.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे, हीही एक वाट आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणजे दुसरी संधी ही अखेरची. मुलाची स्वतःची इच्छा असेल, आणि पहिल्या वेळी कोठे उणे पडले हे त्याला नेमके सांगता येत असेल, तर अवश्य थांबावे. आईबापांची हौस पुरविण्यासाठी थांबलेले वर्ष मात्र कडू होते.

आडवाटेने गेलेली माणसे थोडी नाहीत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव प्रत्येक अभियंता आदराने घेतो. ते आधी आमच्यासारखे बी. ए. झाले, १८८१ साली, बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून. त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास येऊन अभियांत्रिकी शिकले. आज आपली मुले परप्रांतात शिकतात. त्या काळी तिकडचा एक मुलगा आपल्याकडे आला होता. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविले, आणि नागपूरच्या ज्या संस्थेचा आम्ही मघाशी उल्लेख केला ती आज त्यांचेच नाव धारण करते. दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांची पारख करण्यात डोळे उणे पडतात असे निघाले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे शिक्षकाची नोकरी केली, बढतीत डावलले गेले, आणि बेळगावास येऊन सायकलींचे दुकान थाटले. त्यातूनच लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक दार बंद झाल्यामुळेच ते मोठे झाले, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. दार बंद झाल्यावर ते उंबऱ्यावर बसून राहिले नाहीत, एवढेच सांगावयाचे आहे.

आता जे बोलावयाचे ते थोडे जड आहे. पण बोलल्यावाचून राहवत नाही. राजस्थानातील कोटा शहरात तयारीसाठी देशभरातून मुले जातात, आपलीही जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाने एक आदेश काढला: मुलांच्या वसतिगृहांत छताच्या पंख्यांना स्प्रिंगची योजना करावी. ती का, हे या सभेत फोडून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले. पंख्याची व्यवस्था सरकार करील, नियमही करील. परंतु निकालाच्या संध्याकाळी मुलाच्या ताटाशेजारी बसण्याचे काम सरकारचे नाही. ते आपले आहे.

तेव्हा या दिवसांत घरात काही पथ्ये पाळावीत. दिवसातून एक जेवण असे असावे की ज्यात प्रवेशाचा विषय निघणार नाही. नातलगांचे दूरध्वनी मुलाने घेऊ नयेत; आईवडिलांपैकी कोणी तरी एकाने घ्यावेत आणि सर्वांस एकच उत्तर द्यावे. अमक्याच्या मुलाला काय मिळाले, याची चर्चा मुलाच्या पाठीमागेही करू नये. भिंतींना कान असतात आणि सरकारी निवासस्थानांच्या भिंती तर पातळच असतात. फेरीचा निकाल पाहताना मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच्याभोवती गर्दीही करू नये. आणि निर्णय लागण्याच्या आधी, होय, आधीच, त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे: 'काहीही लागले तरी तू आमचाच आहेस.' आपली मराठी माणसे हे मनात बाळगतात, ओठांवर आणीत नाहीत. मुलगा समजून घेईल असे आपण धरून चालतो. सतराव्या वर्षी सारेच समजत नाही. काही सांगावे लागते.

शेवटी मंडळाविषयी. गावाकडे अशा प्रसंगी आत्या असते, मामा असतो, शेजारचे मास्तर असतात. एकाचे धाकटे मूल आधी त्या वाटेने गेलेले असते. येथे आपल्याला तो गोतावळा नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, त्यांनी गणपती बसवावा आणि नाटक करावे एवढ्याच हेतूने ते काढले नसावे. परमुलखात कोणी एकटे पडू नये, हाही हेतू त्यात होता असे आम्ही मानतो. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही तीन सूचना करतो. पहिली, जून आणि जुलै महिन्यांत दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात दोन जाणत्या सभासदांनी बसावे आणि अर्ज, पसंतीक्रम व कागदपत्रे यांविषयी येईल त्यास साहाय्य करावे. दुसरी, गेल्या दहा वर्षांत बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींची, ती अभियांत्रिकीस गेली असोत वा अन्यत्र, एक वही करावी, म्हणजे पुढच्या मुलांना विचारावयास दादा-ताई मिळतील. तिसरी, दुसऱ्या शहरांतील मराठी मंडळांशी पत्रव्यवहार करून असे ठरवावे की प्रवेशाच्या दिवशी परगावी उतरणाऱ्या मुलाला एक रात्र निवारा आणि घरचे दोन घास मिळावेत. आपल्या शहरी येणाऱ्या मुलांसाठी आपणही तेच करावे.

या कामांना पैसा फारसा लागणार नाही, माणसे लागतील. रविवारच्या बैठकीसाठी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे, अशी चिटणीसांना विनंती करतो. अभियांत्रिकी कळत नसली तरी माहितीपुस्तिका वाचून दाखविणे आम्हांस जमेल.